बिळातील बालपण

सेनेगलपासून सुदानपर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, गवताळ माळांचा आणि विरळ झाडीचा जो विस्तीर्ण पट्टा आडवा पसरलेला आहे, त्या मुलखातील एका जाड मानेच्या, आखूड मुस्कटाच्या घोरपडीचे शास्त्रीय वर्णन बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७९२ साली प्रसिद्ध केले. प्राणिशास्त्रात तिला व्हॅरॅनस एक्झॅन्थिमॅटिकस म्हणतात. व्यवहारात ती सव्हाना घोरपड म्हणून ओळखली जाते. पूर्ण वाढलेले जनावर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सामान्यतः पाऊण ते एक मीटर भरते, पण अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू तळहातावर सहज मावते, आणि त्याच्या या इवलेपणातच त्याच्या पुढील दुर्दैवाचे बीज असते. घाना, टोगो आणि बेनिन या देशांत अंड्यांवर आलेल्या माद्या पकडून अथवा जमिनीतील अंडी उकरून पिल्ले काढली जातात, आणि ती हजारोंच्या संख्येने अमेरिकेत व युरोपात रवाना होतात. तेथील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ती इतक्या स्वस्तात मिळतात की, ज्या पेटीत ती ठेवायची त्या पेटीचा, दिव्यांचा आणि वर्षभराच्या खुराकाचा खर्च जनावराच्या किमतीच्या कितीतरी पट होणार आहे, हे घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. चांगली निगा राखली तर दहा वर्षांहून अधिक जगू शकणाऱ्या या जातीची पुष्कळ पिल्ले पाळणाऱ्यांच्या घरी पहिली दोन-तीन वर्षेही पुरी करीत नाहीत. ती का मरतात, याचा छडा लावायचा असेल तर दुकानाकडे पाठ फिरवून त्यांच्या जन्मभूमीकडेच गेले पाहिजे.

डॅनियल बेनेट या ब्रिटिश अभ्यासकाने घानाच्या किनारपट्टीलगतच्या मैदानी प्रदेशात या पिल्लांचा जो मागोवा घेतला, त्यातून त्यांच्या बालपणाचे फार बोलके चित्र हाती आले. मोठ्या जातीचे रातकिडे जमिनीत खोल बिळे करतात. घोरपडीची पिल्ले त्या बिळांत शिरतात, बिळाच्या धन्याला खातात, आणि मग त्याच बिळात मुक्काम ठोकतात. अन्न आणि आसरा एकाच ठिकाणी, एकाच वेळी मिळण्याची ही सोय निसर्गाने लावून दिलेली आहे. दिवसातील थोडा वेळ ते पिल्लू बाहेर येऊन ऊन खाते, आसपास जीभ लपलपवीत हिंडते, टोळ, रातकिडे, पैसे, विंचू असे जे गवसेल ते फस्त करते, आणि बाकीचा सारा काळ मातीखाली काढते. पाळणाऱ्याने आपल्या मनात पक्के रुजवावे असे तत्त्व मला यात दिसते ते असे की, सव्हाना घोरपडीचे पिल्लू हा मुळात जमिनीखाली राहणारा जीव आहे. जमिनीवर तो कामापुरता येतो. त्याची वाढ नीट व्हावी म्हणून जी तजवीज करायची, तिचा आरंभ मातीपासून व्हावा लागतो.

सव्हाना म्हटले की कोरडा, तापलेला माळ डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि या कल्पनेपायी कित्येक वर्षे ही पिल्ले वाळूच्या पातळ थरावर, झाडाच्या सालीच्या तुकड्यांवर, क्वचित नुसत्या वर्तमानपत्राच्या कागदावर वाढविण्याचा शिरस्ता पडला होता. माळावरची हवा कोरडी असते हे खरे. परंतु पिल्लू त्या हवेत राहतच नाही. वीत-दोन वीत खाली गेले की बिळातील हवा बाष्पाने जवळजवळ संतृप्त असते, आणि भर दुपारीही तेथे ओल व गारवा टिकून असतो. काचपेटीत मात्र वरून दिवा अहोरात्र भाजत असतो, झाकणाच्या जाळीतून सारी वाफ निघून जाते, आणि पिल्लाला लपायला जागा असेलच तर ती एखाद्या कोरड्या खोक्याची असते. समोर पाण्याचे भांडे भरलेले असूनही, प्रत्येक श्वासाबरोबर थोडे थोडे पाणी गमावीत, ते जनावर दिवसेंदिवस शुष्क होत जाते. सरपटणारे प्राणी शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यत्वे यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. शरीरात पाण्याचा तुटवडा पडला की हे आम्ल मूत्रपिंडांत आणि सांध्यांत स्फटिकरूपाने साचू लागते, आणि माणसांत ज्याला वातरक्त म्हणतात तशाच स्वरूपाची व्याधी जडते. ही हानी कित्येक महिने चालू राहून बाहेरून तिचा मागमूस लागत नाही, म्हणून एके दिवशी धडधाकट दिसणारे पिल्लू अकस्मात गेले असे पाळणाऱ्याला वाटते.

यावरील इलाज औषधांच्या बाटलीत नाही, तो मातीत आहे. साधी बागेतील माती, जिच्यात खत अथवा कीटकनाशक मिसळलेले नाही, ती थोड्या वाळूशी मिसळून, पाणी शिंपडून, चांगली दाबून भरावी. तिची परीक्षा सोपी आहे: मूठभर माती घेऊन आवळली असता तिचा गोळा व्हावा, आणि त्या गोळ्यात बोट खुपसले असता तो ढासळू नये, भोक तसेच राहावे, ज्या मातीत बोटाचे भोक टिकते तिच्यातच पिल्लाचे बीळ टिकेल. लहान पिल्लासाठी हा थर निदान हातभर खोलीच्या जवळपास असावा, आणि जनावर मोठे होईल तसा तो साठ सेंटिमीटर वा अधिक करावा. वरचा थर सुकला तरी चिंता नाही, खालची ओल मोडता कामा नये. त्यासाठी वरून रोज फवारे मारण्यापेक्षा मधून मधून एका कोपऱ्यात पाणी ओतून ते तळाशी मुरू द्यावे. पेटीचे छत बंद असावे, दिवे आतील बाजूस, पण पिल्लाची उडी पोचणार नाही अशा बेताने बसवावेत. अशा मातीत सोडलेले पिल्लू पाहण्यासारखे असते. आधी ते जिभेची दोन टोके जमिनीला लावीत सबंध पेटीचा तपास करते. मग एखाद्या दगडाच्या वा ओंडक्याच्या बुडाशी थांबून पुढच्या पायांच्या नखांनी माती ओढू लागते, मधेच थांबून त्या खळग्यात मुस्कट घालून वास घेते, पुन्हा ओढते, आणि अर्ध्या तासात त्याचे केवळ शेपूट बाहेर दिसत राहते. सायंकाळी तेही दिसेनासे होते. दोन-दोन दिवस पिल्लाचे दर्शन झाले नाही तरी घाबरून बीळ उकरू नये. आपले बीळ सुरक्षित आहे असा भरवसा त्याला एकदा आला म्हणजे ते आपणहून अधिक वेळ बाहेर राहू लागते.

मातीनंतर उष्णता, आणि या बाबतीत मराठी वाचकाला आकडे ऐकून धक्का बसण्याचा संभव आहे. या जनावराला ऊन खाण्यासाठी जी जागा द्यायची, तिच्या पृष्ठभागाचे तपमान ५० ते ६० अंश सेल्सियस असावे लागते. उन्हाळ्यात विदर्भातल्या दगडाला हात लावून पाहावा, तशी ही आच. पण येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ही आच एवढ्याशा एका जागेपुरती असते. पेटीतील हवा तेवढी तप्त कदापि असू नये, आणि दुसऱ्या टोकाला तर २५ अंशांच्या आसपासची शीतल छाया राखलीच पाहिजे. घोरपड स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकवू शकत नाही. ती बाहेरून उसनी घ्यावी लागते. जागा पुरेशी तापलेली असेल तर पिल्लू काही मिनिटांत आपल्या शरीराचे तपमान ३५ ते ३८ अंशांवर आणते आणि लगेच कामाला लागते. जागा कोमट असेल तर ते तासन्‌तास दिव्याखाली पडून राहते, तापते कमी आणि सुकते जास्त. अन्नाचे पचनही याच उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे, थंड पेटीत भरपूर खाल्लेले पिल्लू ते अन्न पचवू शकत नाही, आणि पोटात अन्न नासून मरण्याचा धोका संभवतो.

एकच प्रखर दिवा लावण्याची चूक सर्रास होते. अशा दिव्याखाली पिल्लाच्या पाठीचा एक ठिपका भाजतो आणि मान, शेपूट, पोट थंडच राहतात. म्हणून कमी शक्तीचे दोन-तीन दिवे ओळीने लावून जनावराच्या सबंध लांबीवर सारखी ऊब पडेल असा बंदोबस्त करावा. अमेरिकेत घोरपडींची यशस्वी पैदास करणारे फ्रँक रेटीस यांच्या नावाने ओळखली जाणारी एक रचना या कामी फार उपयुक्त ठरली आहे. लाकडी फळ्या एकावर एक, मध्ये जेमतेम पिल्लू शिरेल इतकी फट ठेवून रचायच्या आणि सर्वांत वरच्या फळीवर दिव्यांचा झोत सोडायचा, एवढीच तिची कृती. वरची फळी धगधगीत, तिच्याखालची जरा कमी, अशी उष्णतेची उतरती श्रेणी आपोआप तयार होते, आणि पिल्लाला लपलेले राहूनच आपल्याला हवी ती ऊब निवडता येते. भित्र्या जनावराला उघड्यावर येण्याची भीती आणि उबेची गरज यांपैकी एकाची निवड करायला लागू नये, हा तिच्यामागील विचार मला विशेष भावतो. दिवे दिवसा बारा तास असावेत, रात्री मालवावेत. तपमान हाताच्या अंदाजाने न ठरविता पृष्ठभागाची उष्णता लांबून मोजणारे थर्मामीटर वापरावे.

या जातीच्या शरीररचनेविषयी जे शोध लागले आहेत, त्यांचा येथे उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला अप्रशस्त वाटते, कारण आपण कोणत्या प्रतीचा प्राणी पेटीत ठेवीत आहोत याची त्यांवरून कल्पना येते. बहुतेक सरड्यांना वेगाने धावताना नीट श्वास घेता येत नाही; धावण्यासाठी शरीर डावी-उजवीकडे वळविणारे स्नायू आणि छाती फुगविणारे स्नायू यांची कामे एकमेकांच्या आड येतात. सव्हाना घोरपड यातून मार्ग काढते तो घशाने. चालताना ती गळ्याची पोकळी फुगवून हवा आत घेते आणि मग गळा आक्रसून ती हवा फुप्फुसांत दाबते; हे संशोधन १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०१४ साली ‘नेचर’ मध्ये याच जातीविषयी दुसरा निष्कर्ष आला: तिच्या फुप्फुसांतील हवा पुष्कळ भागांत पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने वाहत राहते. दीर्घकाळ चालण्यासाठी, खणण्यासाठी, पाठलागासाठी घडलेला हा देह आहे. पिल्लू बाहेर फिरत असताना त्याच्या हनुवटीखालची कातडी भरभर फुगते आणि बसते, ती धाप नसते. ते या यंत्रणेचे काम असते. मात्र तोंड उघडे ठेवून, मान वर करून, नाकातोंडातून फेस वा बुडबुडे येत असतील तर तो श्वसनाचा विकार समजून दिरंगाई न करता पशुवैद्याकडे जावे.

आता खुराक. घानातील पिल्ले जे खातात तेच येथेही द्यावे, म्हणजे कीटक: रातकिडे, टोळ, पैदास केलेली झुरळे, जोडीला गांडुळे आणि गोगलगायी. पिल्लू लहान असेपर्यंत रोज, त्याला हवे तेवढे खाऊ द्यावे. पेटीत उष्णता योग्य असेल तर या वयात अति खाण्याची भीती सहसा नसते. एक अडचण मात्र कीटकांच्या ठायी जन्मजात आहे. त्यांच्या शरीरात फॉस्फरस मुबलक आणि कॅल्शियम अत्यल्प असते, वस्तुतः वाढत्या हाडांना कॅल्शियमचा वाटा फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागतो. ही तूट भरून काढली नाही तर शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम उचलू लागते आणि पिल्लाला मुडदूस होतो: जबडा रबरासारखा लवचिक बनतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात, शेपटीला गाठी येतात, आणि पोट उचलून चालण्याऐवजी ते फरफटत चालू लागते. म्हणून कीटक पिल्लाला देण्यापूर्वी त्यांना एक-दोन दिवस पालेभाज्यांवर चांगले पोसावे, आणि देताना त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. ते कॅल्शियम अंगी लागावे यासाठी ड जीवनसत्त्वाची जोड हवी, जी अतिनील किरणांच्या खास दिव्यापासून अथवा मोजक्या प्रमाणात अन्नातून मिळते. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत राहू देऊ नयेत. झोपलेल्या पिल्लाची कातडी ते कुरतडतात.

दुकानदार उंदराची पिल्ले द्यायला सांगतात, कारण ती गोठवून ठेवता येतात आणि त्यांवर घोरपड झपाट्याने फुगते. फुगणे आणि वाढणे या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याने या विषयाचा अर्धा अभ्यास केला असे मी समजतो. पश्चिम आफ्रिकेत पावसाळ्याच्या महिन्यांत कीटकांची रेलचेल असते, तेव्हा ही घोरपड अधाशासारखी खाते आणि पोटात व शेपटीत मेद साठविते; पुढे कोरड्या ऋतूत अन्न दुर्मीळ झाले की त्या साठ्यावर ती महिनोन्‌महिने गुजराण करते. पेटीत पावसाळा बारमाही असतो, कोरडा ऋतू कधी उगवतच नाही. मेदाचा साठा वाढत जातो, खर्च काही होत नाही. अखेर यकृतातही मेद भरतो. त्यात उंदीर म्हणजे या कीटकभक्षी देहाला फार जड अन्न. निरोगी पिल्लू लांबट, घट्ट अंगाचे, मानेशी स्नायूंनी भरलेले आणि चालताना पोट जमिनीपासून वर राखणारे असते. गळ्याशी वळ्या आणि पोटाचा घेर दिसू लागला की उंदीर बंद करून खणायला माती अधिक द्यावी. कच्च्या अंड्याचा पांढरा बलकही वरचेवर देऊ नये, त्यातील ॲव्हिडिन हे द्रव्य बायोटिन जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. तसेच काही जातींच्या गोठविलेल्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा थायमिनेज असतो, तेव्हा माशांवर पिल्लू पोसण्याचा बेत सोडावा.

स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. रानातील पिल्लाचे पहिले काम आपण कोणाचे भक्ष्य होऊ नये हे पाहणे. कोमोडो बेटावरील महाकाय घोरपडींची पिल्ले तर स्वजातीच्या मोठ्यांपासून वाचण्यासाठी पहिली वर्षे झाडांवरच काढतात. तेव्हा नवे पिल्लू हात जवळ येताच फूत्कार टाकते, अंग फुगविते, शेपटीचे फटके मारते, क्वचित आपलाच मागचा पाय तोंडात धरून कडे करते, जेणेकरून सापाला ते गिळता येऊ नये. यात उद्धटपणा काही नाही, ही भीती आहे. त्याला रोज पकडून ‘माणसाळविण्याचा’ जो प्रघात आहे तो मला क्रूर वाटतो. लांब चिमट्याने अन्न द्यावे, पेटीजवळ शांतपणे बसावे, आणि ते स्वतः जवळ येईपर्यंत थांबावे. याच्या उलट, आणल्या दिवसापासून हातावर निपचित पडून राहणारे, डोळे मिटून घेणारे पिल्लू पाहून जे लोक त्याच्या गरीब स्वभावाचे कौतुक करतात, त्यांनी आधी त्याच्या पेटीचे तपमान पाहावे. थंडीने गारठलेले, तहानलेले वा जंतांनी पोखरलेले जनावर नेहमीच गरीब असते. हाताळणीनंतर साबणाने हात धुण्याची शिस्त घरातील मुलांना आवर्जून लावावी, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जंतू पुष्कळदा असतात आणि जनावराला त्यांची काहीच बाधा झालेली दिसत नाही.

नव्या पिल्लाची विष्ठा जंतांसाठी तपासून घ्यावी, काखांत, कानांच्या छिद्रांशी आणि नाकपुड्यांशी गोचिडी आहेत का ते पाहावे. कात ही घोरपड सापासारखी अखंड टाकत नाही, तुकड्यातुकड्यांनी टाकते. बोटांच्या टोकांवर आणि शेपटीच्या शेंड्यावर जुन्या कातीची वलये राहिली तर ती वाळून आवळतात, रक्तप्रवाह थांबतो आणि तो भाग गळून जातो. पालीप्रमाणे घोरपडीला शेपूट पुन्हा येत नाही. ओलसर बीळ असलेल्या पिल्लाला हा त्रास क्वचितच होतो.

हे सारे वाचून महाराष्ट्रातील एखाद्या हौशी तरुणाला आपल्याकडील घोरपड पाळण्याची इच्छा झाल्यास त्याने ती तेथेच आवरावी. भारतातील चारही जातींच्या घोरपडी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, बाळगणे वा विकणे हा किमान तीन वर्षांच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. पावसाळ्यात अंगणात वा न्हाणीघरात आलेले पट्टेदार, तुकतुकीत पिल्लू विषारी म्हणून ठेचू नये आणि गोंडस म्हणून ठेवूनही घेऊ नये. वनखात्याला कळवावे, अथवा त्याला वाट मोकळी करून द्यावी. परदेशी घोरपडींच्या बाबतीतही याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील सजीव प्राण्यांची नोंद सरकारदरबारी करणे बंधनकारक केले आहे, आणि घोरपडींचा सबंध वंशच त्या यादीत आहे. अमेरिकेत, इंग्लंडात वा जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांतून मात्र हा छंद कायद्याच्या चौकटीत करता येतो, अर्थात तेथील प्रांतोप्रांतीचे परवान्याचे नियम आधी पाहून.

अशा घरांना एक व्यावहारिक सूचना. उष्णता, ओल आणि खुराक यांचा मेळ बसला म्हणजे पिल्लू पहिल्या वर्षातच अर्ध्या मीटरच्या पलीकडे जाते, आणि चार फूट लांबीची पहिली पेटी त्याला अपुरी पडते. मोठ्या जनावराला निदान आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच जागा लागते. तिच्यात दोन फूट माती भरली तर तिचे वजनच दोन टनांहून अधिक होते, आणि लाकडी जमिनीच्या माडीवर ते पेलत नाही. तेव्हा तळमजल्यावरील कोणती खोली या कामी लागणार, तिची जमीन कशी आहे, विजेची जोडणी कोठून घ्यायची आणि मातीची ने-आण कोणत्या दाराने व्हायची, हे पिल्लू घरी आणण्याच्या आधीच मोजून, सुताराशी बोलून ठरवावे.